लिंबाखाली थांबणारी गाडी

लग्न होऊन मी माधवनगरच्या बाजूला गिरणीच्या चाळीत आले, तेव्हा लढाई नुकतीच संपली होती. माझं माहेर लोणंदकडचं. बाप रेल्वेत गँगमन होता, त्यामुळं आगगाडीची मला सवय होती, पण मोटरीत मी कधी बसले नव्हते. सासरी आम्ही चौघं. मालक मागावर कामाला, सासूबाई, मी आणि मागच्या पडवीत एकटे राहणारे थोरले दीर. दीर लढाईवरून परत आलेले. तिकडं वाळवंटात ते जखमी शिपायांची मोटर चालवायचे. याच्यापलीकडं ते काही बोलत नसत, आणि धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही ही रीत, त्यामुळं मला विचारायची सोय नव्हती. मी डोक्यावरून पदर घेऊन ताट पडवीच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं फिरायची.

त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. आधी नदीकाठच्या गावांत, मग आमच्याकडं. सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवस मावळायच्या आत पांढराफटक पडायचा, डोळे खोल जायचे, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतायची. शहराच्या पलीकडच्या अंगाला साथीच्या रोग्यांसाठी पत्र्याच्या शेडी उभ्या केल्या होत्या. तिथं शिरेतनं मिठाचं पाणी चढवत. वेळेत पोचलेली माणसं वाचतात, असं गिरणीचे डॉक्टर सांगत.

आमच्या बाजूच्या व्यापाऱ्यांनी एक मंडळ काढलं आणि सैन्यानं मोडीत काढलेली एक मोटर घेतली. तिला पांढरा रंग दिला, आत दोन बाकं आणि एक झोळी बांधली. डायव्हर म्हणून आमच्या दिरांना ठेवलं. गाडी गिरणीच्या फाटकाजवळच्या छपरात उभी असायची आणि दीर तिच्या पायरीवर बसून असायचे. कुणी रोगी आहे असा निरोप आला की ते लगेच निघत.

संशय सुरू झाला तो तिथूनच. गाडी फार लवकर यायची. निरोप सांगायला गेलेला माणूस परत घरी पोचायच्या आत गाडी दारात उभी. आमच्या भिंतीला भिंत लागून एक शेजारीण राहायची, वयानं माझ्या आईएवढी. आम्ही सगळ्या तिला आक्का म्हणायचो. ती एकदा नळावर म्हणाली, "कुणी पडायची वाटच बघत बसतंय म्हणा की तुमचं दीर." बाकीच्या बायका हसल्या नाहीत. मी घागर उचलून घरी आले.

मग कोपऱ्यावरच्या विणकराची बायको गेली. भर दुपारी तिला गाडीत घातलं तेव्हा ती नवऱ्याशी बोलत होती, पोरांना भाकरी घालायला सांगत होती. संध्याकाळी निरोप आला की शेडीपर्यंत पोचलीच नाही, वाटेत गेली. विणकर दोन्ही हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसला आणि येईल त्याला एकच सांगत राहिला, "बोलत हुती माज्यासंगं. बोलत हुती." तिच्या पायातली जोडवीही परत आली नाहीत.

त्यानंतर लोक गाडीवर नजर ठेवायला लागले. चाळीच्या मागं विहिरीचा उंच बांध होता. त्याच्यावर उभं राहिलं की शहराकडं जाणारा कच्चा रस्ता दिसायचा. रस्त्यात एक मोठा लिंब, लिंबाच्या अंगाला खोलगट ओढा, पुढं वळण, आणि वळणानंतर उसाचे मळे, त्यामुळं पुढचं काही दिसायचं नाही. रोगी घेऊन गाडी निघाली की बायका बांधावर जमायच्या. धुळीचा लोट लिंबापर्यंत जायचा आणि थांबायचा. कधी पीठ मळून होईस्तोवर गाडी तिथं उभी असायची, कधी भाकऱ्या भाजून होईस्तोवर. मग गाडी हलायची, पण पुढं धूळ दिसायचीच नाही. गाडी कुठं गेली ते कळायचं नाही.

"आत माणूस तडफडतंय आन ह्यो सावलीला हुबा ऱ्हातोय," आक्का म्हणायची. "का? माणूस सपलं की मग न्यायचं, म्हंजी दवाखान्याला तरास न्हाई. आसंच सांगितलं असंल वरनं."

लोक रोगी लपवायला लागले. एका घरात म्हातारीला कडब्याच्या गंजीआड निजवलं. गाडी दारात आली तर "आमच्यात कुणी आजारी न्हाई" म्हणून सांगायचे आणि आतनं ओकारीचा आवाज यायचा. दीर गाडी तशीच परत आणायचे. घरी आले की विहिरीपासून लांब, बादलीत फिनेल घालून आपले कपडे स्वतः धुवायचे. तो उग्र वास पडवीतनं घरात यायचा. आमच्या घरातलं कुणी नळावर गेलं की बायका आपल्या घागरी बाजूला ओढून घ्यायच्या.

खरं सांगायचं तर मलाही त्यांची शंका यायची. एक दिवस मी गोवऱ्या आणायला मागं गेले, तर पडवीशी एक धनगर उभा होता, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. पूर्वेकडच्या माणदेशातनं मेंढरं घेऊन खाली आलेल्यांपैकी कुणी असावा. दीर त्याला फडक्यात बांधलेलं काहीतरी देत होते. मला बघून दोघं बोलायचे थांबले. धनगर ओढ्याच्या दिशेनं निघून गेला. मला त्या जोडव्यांची आठवण झाली. मेलेल्यांच्या अंगावरचं हा धनगर लांबच्या बाजारात विकत असेल, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. रात्री मालकांना सांगावं असं वाटलं, पण सख्ख्या भावाबद्दल कसं बोलायचं? मी गप्प राहिले आणि उंबऱ्यावर ताट ठेवताना त्यांच्या हातांकडं बघायला लागले.

पुढं सासूबाईंनाच पटकी झाली. मालक पाळीवर होते. सकाळपासून सासूबाईंना जुलाब होत होते, दुपारच्या भोंग्यापर्यंत त्यांचा आवाज बसला आणि पायात गोळे यायला लागले. मी फाटकापर्यंत पळत गेले. दीर पायरीवरच होते. काही न विचारता त्यांनी गाडी सुरू केली.

आईला उचलून झोळीत ठेवताना त्यांचे हात स्थिर होते. त्याचंही मला वाईट वाटलं. मी पदर खोचला आणि गाडीत चढले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"मीबी येणार."

त्यांनी गाडीचं मागचं दार लावलं. मग म्हणाले, "बस. पर वाटंत जे दिसंल ते कुणापाशी बोलायचं न्हाई. धन्यापाशीबी न्हाई."

आक्का आपल्या दारात उभी होती. गाडी हलली तेव्हा मी तिच्याकडं बघितलं, तिनं नजर वळवली नाही.

लिंबाखाली गाडी थांबली. दिरांनी इंजिन बंद केलं. सासूबाई डोळे अर्धवट उघडे ठेवून पडल्या होत्या, ओठ काळेनिळे पडलेले. मी ओला बोळा त्यांच्या ओठांना लावत होते.

"भावजी, का थांबलासा?"

ते ओढ्याकडं बघत होते.

"आवं, आई हाय तुमची. का थांबलासा?"

"गप ऱ्हा जरा," ते म्हणाले. रागानं नाही, पण माझ्याकडं न बघता.

मी खाली उतरून ओरडावं का, चाळीपर्यंत आवाज जाईल का, याचा विचार करत होते. तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडं मेंढरांच्या कळपातला एक माणूस उठला आणि त्यानं खांद्यावरचं काळं घोंगडं एका बाभळीवर टाकलं. दिरांनी लगेच इंजिन सुरू केलं. गाडी रस्ता सोडून सरळ ओढ्यात उतरली. दगडावरून, वाळूतनं, मग पाण्यातल्या उतारावरनं पलीकडं चढली आणि उसाच्या दोन मळ्यांमधल्या गाडीवाटेत घुसली. उसाची पानं दोन्ही बाजूंनी पत्र्यावर घासत होती. बाभळीजवळून जाताना मी त्या धनगराला ओळखलं. तोच होता.

उसात शिरल्यावर दीर बोलले. लिंबाच्या पुढच्या वळणावर हद्द होती. त्या काळात आमच्याकडं एका संस्थानातनं निघालं की दुसऱ्यात शिरायला वेळ लागत नसे, आणि कुठं काय संपतं हे नाक्यावरच्या आडव्या दांडीवरून कळायचं. साथ सुरू झाल्यापासून त्या दांडीपाशी रोग्याला अडवत. पलीकडच्या संस्थानाचा डॉक्टर येऊन बघणार, हो म्हणणार, मग दांडी वर. डॉक्टर फिरतीवर असला की थांबायचं.

"त्या विणकराच्या बायकूला मी सरळ रस्त्यानंच न्हेलं हुतं," दीर म्हणाले. "नाक्यावर हुबा ऱ्हायलो. पाया पडलो त्यांच्या. दांडीपाशीच गेली ती. तवापास्नं ह्या वाटंनं जातोय. पर हितंबी कवा कवा शिपाई हिंडत्यात. ते न्हाईत आसं बघून गडी घोंगडं टाकतोय. त्याला मी भाकरी देतो, तंबाखू देतो."

"मग लोकास्नी सांगत का न्हाई?"

"सांगितलं की दुसऱ्या दिशी वड्यातली वाट बंद."

गाडी शेडींच्या मागच्या बाजूनं आत शिरली. नर्सनं सासूबाईंच्या हाताची शीर शोधली, सापडेना, मग पायाची शोधली. बाटली टांगली. मी खाटेशेजारी खाली बसून राहिले. पाणी अंगात जात होतं तसं त्यांच्या गालावर मांस परत येत होतं, असं मला दिसलं. अंधार पडायच्या आत त्यांनी मला नावानं हाक मारली आणि चहा मागितला.

त्या शेडीत मी सासूबाईंच्या उशापाशी राहिले. निघायच्या दिवशी नर्सनं एक पत्र्याची पेटी उघडून दाखवली. वाटेत गेलेल्यांच्या आणि तिथं गेलेल्यांच्या अंगावरचे दागिने त्यात वेगवेगळे बांधून ठेवले होते. न्यायला कुणी येत नव्हतं, लोक शेडीच्या जवळ यायला भीत होते. विणकराच्या बायकोची जोडवी मी ओळखली आणि मागून घेतली.

घरी आल्यावर ती विणकराला नेऊन दिली. त्यानं तळहातावर घेऊन बघितली.

"आत्ता कशी आली?" तो म्हणाला. "इतकं दिस कुणापाशी हुती?"

"शेडीत ठेवली हुती जपून."

"जपून," तो म्हणाला आणि आत गेला.

त्या दिवसापासून माझ्याकडंही लोक तसंच बघायला लागले. सासूबाई जिवंत परत आल्या याचा आनंद आम्हाला, पण चाळीला त्यात काळंबेरं दिसलं. डायव्हरची आई वाचते आणि दुसऱ्यांची माणसं वाटेत मरतात. आक्का माझ्या दारात येऊन गोड बोलत विचारायची, "लिंबाखाली काय झालं गं? थांबला हुता न्हवं?" मी म्हणायची, "इंजान तापलं हुतं." तिचा एक भाऊ हद्दीच्या पलीकडं शिपाई होता, हे मला माहीत होतं. तिला एक शब्दही सांगायचा नाही असं मी ठरवलं होतं.

तरी बातमी फुटली. गिरणीचा म्हातारा वॉचमन आजारी पडला. दीर त्याला घेऊन निघाले. घोंगडं बाभळीवर पडलं, गाडी ओढ्यात उतरली, आणि पलीकडच्या उसातनं शिपाई बाहेर आले. धनगराला आधीच धमकावून त्याच्याच हातानं त्यांनी घोंगडं टाकायला लावलं होतं. गाडी वळवून नाक्यावर नेली. वाद होईस्तोवर वॉचमन चौकीच्या ओट्यावरच दगावला.

धनगराला मारहाण झाली. त्याच रात्री तो आपली मेंढरं घेऊन पूर्वेकडं निघून गेला. दिरांना दोन दिवस चौकीत बसवून सोडलं, आणि मंडळानं त्यांना कामावरून काढलं. चाळीत लोक म्हणाले, बरं झालं, वड्यात न्हेऊन काय करत हुता ते आता कळलं. मालकांनीही त्या रात्री भावाला विचारलं, "खरं सांग, का न्हेत हुतास तिकडं?" दिरांनी सगळं सांगितलं. मालक ऐकून घेत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना पुरतं पटलं नाही. मी साक्ष दिली तेव्हा म्हणाले, "तू बाईमाणूस, तुला वाटंचं काय कळतंय."

नवा डायव्हर आला. गाडी लिंबाखाली थांबायची बंद झाली. धुळीचा लोट सरळ वळणापर्यंत जायचा आणि उसाआड दिसेनासा व्हायचा. बांधावरच्या बायका खूश. "ह्यो बघा कसा सुसाट न्हेतोय," त्या म्हणायच्या. वळणापुढं दांडीपाशी गाडी किती वेळ उभी असते हे बांधावरून दिसत नव्हतं. वाटेत जाणाऱ्या माणसांचे निरोप पूर्वीपेक्षा जास्त यायला लागले, पण त्याचा दोष आता रोगाला मिळत होता. मी त्या बायकांच्या मागं उभी असायची. बोलून उपयोग नव्हता, माझ्या बोलण्याला आधीच डाग लागला होता.

मग आक्काची लेक आजारी पडली. बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आलेले. आक्का माझ्याकडं आली ती मागच्या दारानं.

"गाडी बोलवू का नगं?" तिनं विचारलं.

मी तिला आत घेऊन दार लोटलं.

"तुझी सासू जगली. कशी जगली ते सांग मला. खरं सांग. मी तुमास्नी लय बोललीय, ते म्हाईत हाय मला."

तिचा भाऊ माझ्या डोळ्यासमोर उभा राहिला. वाटलं, लिंबाखालचं हिनंच भावाला सांगितलं असणार, आणि आता हिलाच वाट हवीय. पण पलीकडनं लेकीचं कण्हणं भिंतीतनं ऐकू येत होतं. मी तिला सगळं सांगितलं, नाका, दांडी, ओढा, उसातली गाडीवाट.

पडवीत बसलेल्या दिरांनी ते ऐकलं असावं. ते उठले, कुणाला न सांगता समोरच्या गाडीवानाची बैलं जुंपली, गाडीत पेंढा घातला आणि आक्काच्या दारात गाडी उभी केली. ओढ्याच्या उतारावर त्या दिवशी पहारा नव्हता. मोटर पकडल्यावर तिकडं कुणी फिरकत नव्हतं. दीर बैलांच्या पुढं कासरा धरून चालत होते. बैलगाडी ती, मोटरीसारखी कुठली पळणार, पण कुठं थांबलीही नाही. लेक वाचली. मूल मात्र गेलं. आक्कानं परत आल्यावर दिरांच्या पडवीत एक तांब्या दूध ठेवलं आणि निघून गेली.

पावसाळा लागल्यावर साथ ओसरली. दिरांना आमच्याकडं कुणी गाडी चालवायला देईना. माझ्या बापानं ओळख काढून त्यांना लोणंदला एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर लावून दिलं. ते तिकडंच राहिले. दिवाळीला यायचे, आईच्या पाया पडायचे आणि दुसऱ्या दिवशी निघायचे. पुढं संस्थानं खालसा झाली, नाक्यावरची दांडी कुणीतरी उचलून नेली आणि चौकीत चहाचं दुकान झालं.

त्यानंतर एका उन्हाळ्यात आक्का आणि मी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आक्का, वड्याची वाट नाक्यावर कुणी सांगितली असंल?"

"मी न्हाई," ती लगेच म्हणाली. "मला ठावं असतं तर सांगितलीबी असती तवा. पर मला ठावंच नव्हतं." मग पुढची शेंग फोडत म्हणाली, "तुझी सासू देवळात बसून सांगत हुती की. शेडीतनं आल्यावर. म्हणं मला देवानं पाण्यातनं पल्याड न्हेलं, उसाच्या मदनं न्हेलं. धा बाया ऐकत हुत्या. मला ते नंतर कळलं."

मी आत गेले. सासूबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. मी विचारलं, तुम्ही देवळात वाटेचं कुणाला सांगितलं होतं का.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी तर बेसुद हुते. मला काय दिसणार?"

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला आणि पुन्हा पाखडायला लागल्या. खरंच शुद्ध नव्हती की नको वाटत होतं आठवायला, मला सांगता येणार नाही. आक्का तरी खरं बोलत होती का, हेही नाही. दिरांना मी यातलं काही सांगितलं नाही. त्या वर्षी दिवाळीला ते आले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या अंगाला तेल लावलं आणि ते डोळे मिटून बसून राहिले.